कुंभा, कॅरी आणि बंगालमधली एक बाग

उन्हाळ्याच्या तोंडाशी सह्याद्रीच्या पानझडी रानात कुंभा फुलतो. फूल मोठे, पाकळ्या फिकट, आणि मध्ये पांढऱ्या-गुलाबी पुंकेसरांचा दाट झुबका. ते रात्री उमलते आणि उजाडेपर्यंत गळूनही जाते. सकाळी पायवाटेवर पडलेला त्या केसरांचा सडा पाहून वर नजर जाते, तेव्हा झाडावर कळ्यांखेरीज फारसे काही उरलेले नसते.

या झाडाची ओळख रानातल्या माणसाला वेगळ्या कारणाने होती. त्याच्या सालीतील वाखाची वात करीत आणि तोड्याच्या बंदुकीला ती लावीत; ती विझत नसे, सावकाश धुमसत राही. सुकलेला पुष्पकोश ‘वाकुंभा’ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानात मिळे.

वनस्पतिशास्त्राच्या पोथीत मात्र कुंभ्याचे नाव आहे ‘कॅरेया आर्बोरिया’. त्यातला ‘कॅरी’ म्हणजे विल्यम कॅरी. मराठी वाङ्मयाचा इतिहास अभ्यासलेल्यांना हे नाव परिचित असते. १८०५ साली छापलेले मराठीचे व्याकरण आणि १८१० सालचा मराठी-इंग्रजी कोश या दोन्हींचा कर्ता तोच. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर एक परिच्छेद असतो. त्यात मिशनरी असतो, छापखाना असतो, खिळे असतात. झाडे नसतात.

वास्तविक हिंदुस्थानातील पहिली कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन करणारा माणूस हाच. ती संस्था १८२० साली कलकत्त्यात सुरू झाली आणि आजही चालू आहे.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे गावच्या चर्चचे कारकून आणि शाळामास्तर झाले. चुलता पीटर कॅनडात राहून परतलेला होता आणि माळीकाम करीत असे. पुतण्याला दूरदेशीच्या गोष्टी आणि मातीत हात घालण्याची गोडी, दोन्ही त्याच्याकडूनच मिळाली असावी. मुलाची खोली किडे, पाखरे आणि रोपे यांनी भरलेली असे. सवंगडी त्याला ‘कोलंबस’ म्हणून चिडवीत.

त्याने माळीच व्हायचे, हे जवळजवळ ठरलेले होते. पण त्याच्या कातडीला ऊन सोसेना. उन्हात काम केले की चेहरा आणि हात यांना इतका त्रास होई की रात्री झोप लागत नसे. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. ज्याला इंग्लंडचे ऊन झेपले नाही, त्याने पुढची एक्केचाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढली आणि एकदाही मायदेशी परतला नाही. त्या उन्हात तो रोज बागेत असे.

जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला. पुढे बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये बायकामुलांसह कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारला त्या काळी मिशनरी नको होते. व्यापारात विघ्न येईल ही भीती. जवळचा पैसा संपला. काही महिने सुंदरबनाच्या कडेला जंगल तोडून शेती करण्याचा खटाटोप झाला. शेवटी मालद्याकडील मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली.

इथे थोडे थांबले पाहिजे. कॅरीच्या चरित्रांत त्याची पत्नी डोरोथी हिचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. तिला हिंदुस्थानात यायचे नव्हते. ती आली तेव्हा कडेवर तान्हे मूल होते. १७९४ मध्ये मुदनाबाटीला पाच वर्षांचा पीटर आजारपणात दगावला आणि तिच्या मनाचा तोल गेला, तो कायमचा. १८०७ साली तिचा मृत्यू झाला. मधल्या साऱ्या वर्षांत एका खोलीत ती आणि शेजारच्या खोलीत कॅरीचे भाषांतर, असा तो संसार होता. कॅरी बागेकडे का धावत असे, याचे एक उत्तर इथेही शोधता येईल. पण त्या उत्तराने डोरोथीचे दुःख हलके होत नाही.

मुदनाबाटीच्या त्या वाईट वर्षांतच त्याने विलायतेला एक मागणी धाडली. विळे, कोयते, नांगराची चाके आणि दर वर्षी बियाणे: भाज्यांचे, फुलांचे, फळझाडांचे. धर्मप्रसारासाठी पाठवलेल्या माणसाने पहिल्या काही पत्रांत नांगराची चाके मागावीत, हे त्या मंडळींना थोडे चमत्कारिक वाटले असेल. त्याने आपला हेतू लपवलेला नव्हता. ज्या मुलखात राहायचे, त्या मुलखाच्या शेतीला हातभार लागावा असे त्याला वाटत होते.

त्याने त्या भागातील शेतीचे निरीक्षणही केले. दिनाजपूर जिल्ह्याच्या शेतीवरील त्याचा निबंध पुढे एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. जमिनीचे प्रकार, पिके, अवजारे, गुरे आणि शेतकऱ्यांचे दारिद्र्य यांचे त्यात वर्णन आहे. हे लिहिणारा माणूस निळीच्या कारखान्यावर काम केलेला होता. याच निळीने पुढच्या दोन पिढ्यांत बंगालच्या रयतेचे काय केले आणि १८५९ साली तिला बंडास कसे प्रवृत्त केले, ते सर्वश्रुत आहे. कॅरीचा काळ त्या उठावाच्या खूप आधीचा. तरी त्याच्या शेतीप्रेमाची सुरुवात याच धंद्याच्या आवारात झाली, ही गोष्ट वगळून त्याचे चरित्र लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जानेवारी १८०० मध्ये कॅरी श्रीरामपूरला आला. हे आपल्याकडचे, साखर कारखान्यांचे श्रीरामपूर नव्हे. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, कलकत्त्याच्या उत्तरेस वसलेले हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनी सरकारचा हुकूम तिथे चालत नसे, म्हणून मिशनऱ्यांना आसरा मिळाला. समोरच्या तीरावर बराकपूर. तिथे गव्हर्नर जनरलचा बंगला आणि उपवन. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या दोन सहकाऱ्यांसह कॅरीने इथे छापखाना, शाळा आणि पुढे १८१८ साली महाविद्यालय उभारले.

आणि बाग केली. सुमारे पाच एकरांची.

ही बाग शोभेसाठी नव्हती. स्वीडनच्या लिनिअसने फुलातील केसरांच्या संख्येवरून वनस्पतींची जी वर्गवारी केली होती, त्या क्रमाने इथले वाफे आखलेले होते. एका वर्गाची झाडे एका ठिकाणी, त्यांच्या शेजारी पुढचा वर्ग. बागेतून चालत जाणे म्हणजे ग्रंथाची पाने उलटण्यासारखे होते. कॅरी पहाटे उठून आधी बागेत जाई. प्रार्थना तिथेच, चिंतनही तिथेच. मग दिवसभर पंडितांसह भाषांतराचे काम.

आठवड्यातले काही दिवस तो होडीने कलकत्त्यास जाई. तिथे फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी शिकवण्याचे काम त्याच्याकडे होते. मराठी व्याकरण आणि कोश या शिकवण्यातूनच निघाले. व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले, कोशासाठी मोडीचे खिळे वापरले. त्यानंतर ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) ही मराठी पुस्तके श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली. या साऱ्या मराठी कामात वैद्यनाथ पंडित त्याच्या सोबत होते. मराठी ही कॅरीने कलकत्त्यात, ऐकून आणि विचारून मिळवलेली भाषा. शब्द पंडितांचे, रचना कॅरीची, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कोशकार काय करतो? विखुरलेले शब्द गोळा करतो, प्रत्येकाला अर्थाचे लेबल लावतो, क्रमाने मांडतो आणि ते कोणालाही सापडतील अशी सोय करतो. श्रीरामपूरच्या वाफ्यांत नेमके हेच चालले होते. म्हणून कॅरीची बाग हा त्याचा विरंगुळा होता असे जे सर्रास लिहिले जाते, ते पटत नाही. दिवसाच्या दोन प्रहरांत तो एकच काम दोन ठिकाणी करीत होता.

बियाणे येई कुठून? एक वाट इंग्लंडची. दुसरी मुलांची. थोरला फेलिक्स ब्रह्मदेशात होता, जेबेझ मोलुक्का बेटांतील अँबोइना येथे. मुलांना लिहिलेल्या पत्रांत उपदेश असे. त्याचबरोबर रोपे कोणती पाठवावी, पेटीत कशी भरावी, याच्या बारीक सूचनाही असत. काचेच्या बंद पेटीतून रोपे नेण्याची युक्ती तेव्हा निघालेली नव्हती. खाऱ्या वाऱ्याने, उंदरांनी, गोड्या पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपे वाटेतच मरत. महिनोन्‌महिने वाट पाहावी आणि पेटी उघडल्यावर वाळलेल्या काटक्या निघाव्यात, असा तो व्यवहार होता.

एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर कॅरीने ती पिशवी बागेच्या एका सावलीतल्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून एक ओळखीचे रोपटे डोकावले. इंग्लंडच्या कुरणांत पायदळी येणारी साधी डेझी. तीस वर्षांत त्याने ती पाहिली नव्हती. बंगालचा उन्हाळा तिला सोसेना, म्हणून दर वर्षी बी धरून नव्याने पेरणी करावी लागे. जेम्स माँटगोमेरी या इंग्रज कवीने या प्रसंगावर कविता लिहिली आणि ती तिकडे बरीच गाजली. इंग्लंडमध्ये कॅरीच्या बागेची कीर्ती त्याच्या शास्त्रीय कामापेक्षा या एका रानफुलामुळे अधिक झाली. लोकांना काय लक्षात राहील, हे कोणाच्या हाती नसते.

शास्त्रीय काम मात्र मोठे होते. हुगळीच्या काठी शिबपूरला कंपनीचे वनस्पतिउद्यान होते. रॉबर्ट किडने १७८७ मध्ये स्थापन केलेले. १७९३ पासून त्याची सूत्रे विल्यम रॉक्सबर्गकडे होती. रॉक्सबर्ग आणि कॅरी यांची गाढ मैत्री जमली. कुंभ्याच्या कुळाला ‘कॅरेया’ हे नाव रॉक्सबर्गनेच दिले.

१८१३ मध्ये प्रकृती ढासळल्याने रॉक्सबर्गला हिंदुस्थान सोडावा लागला. जाताना त्याने आपली हस्तलिखिते कॅरीकडे सोपवली. दोन वर्षांनी तो एडिंबरोत वारला. कॅरीने त्याच्या उद्यानातील झाडांची सूची ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या नावाने १८१४ मध्ये श्रीरामपूरला छापली. तीत सुमारे साडेतीन हजार वनस्पती आहेत. त्यानंतर ‘फ्लोरा इंडिका’. तिचा पहिला खंड १८२० मध्ये आणि दुसरा १८२४ मध्ये निघाला; त्यांत नॅथॅनिएल वॉलिच या डॅनिश वनस्पतितज्ज्ञाची भर होती. हाच वॉलिच श्रीरामपूरला डॉक्टर म्हणून आला होता आणि पुढे शिबपूरच्या उद्यानाचा प्रमुख झाला. वॉलिचची भर वगळून रॉक्सबर्गचा मूळ ग्रंथ तीन खंडांत छापून पुरा झाला तो १८३२ साली. कॅरीचे वय तेव्हा एकाहत्तर होते. मित्राने हवाली केलेली कागदपत्रे त्याने एकोणीस वर्षे सांभाळली होती.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरचा छापखाना जळाला होता. अनेक भाषांचा तौलनिक कोश, व्याकरणांच्या प्रती, शेकडो रिमे कागद आणि बहुतेक खिळे यांची राख झाली. खिळ्यांचे मूळ ठसे ढिगाऱ्यातून निघाले म्हणून काम पुन्हा उभे राहिले. हस्तलिखित जळले म्हणजे काय होते, हे माहीत असलेल्या माणसाकडे रॉक्सबर्गने आपले आयुष्य सोपवले होते.

आता संस्थेकडे वळू.

१५ एप्रिल १८२० रोजी कॅरीने श्रीरामपूरहून एक छापील आवाहन प्रसृत केले. इंग्लंडमध्ये शेती सुधारण्यासाठी मंडळ्या निघाल्या आहेत. मग शेतीवरच जगणाऱ्या या देशात अशी एकही मंडळी का नसावी, असा त्याचा रोख होता. पडीक जमीन लागवडीस आणणे, अवजारे सुधारणे, गुरांची अवलाद सुधारणे, नवी उपयुक्त पिके आणि फळझाडे आणणे, असे विषय त्यात मांडलेले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज आणि त्याची पत्नी या दोघांनाही बागेची आवड होती. नदीच्या पलीकडच्या या शेजाऱ्यांचा पाठिंबा मिळाला. १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये पहिली सभा भरली. आवाहनाचे कौतुक पुष्कळांनी केले होते. सभेला प्रत्यक्ष आलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. (संस्थांच्या पहिल्या सभा सर्वत्र अशाच असतात.) तरी ठराव झाला आणि ‘अ‍ॅग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. इंग्लंडची ‘रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटी’ याच्या अठरा वर्षांनी, १८३८ मध्ये निघाली.

आवाहनातला एक मुद्दा त्या काळाचा विचार करता फार महत्त्वाचा होता. देशी गृहस्थांना संस्थेचे सभासद होता यावे आणि पदाधिकारीही होता यावे, असे कॅरीने प्रथमपासूनच सांगितले. तुलनेसाठी एकच गोष्ट पुरेशी आहे: कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी १७८४ मध्ये स्थापन झाली, पण तिने हिंदी सभासद घेतले ते १८२९ पासून. हिंदुस्थानच्या विद्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला हिंदी माणसाला आत घेण्यास पंचेचाळीस वर्षे लागली. कॅरीच्या संस्थेत राधाकांत देव, रामकमल सेन यांच्यासारखी बंगाली मंडळी सुरुवातीच्या काळातच दिसतात.

यामागे उदारमतवाद होता, तसा रोकडा व्यवहारही होता. जमीन जमीनदारांकडे होती आणि कसण्याचे ज्ञान रयतेकडे. या दोघांना दाराबाहेर ठेवून शेती सुधारणार कोण? कॅरीला हे मुदनाबाटीला उमगले होते.

संस्थेचे काम मोठ्या घोषणांपेक्षा लहान गोष्टींत दिसले. परदेशातून बियाणे मागवून सभासदांना वाटले जाई. चांगला भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांसाठी स्पर्धा ठेवल्या आणि बक्षिसे दिली. साहेबांच्या बागेत राबणारा माळी आपल्या टोपल्या घेऊन टाउन हॉलमध्ये उभा आहे आणि त्याच्या कोबी-वाटाण्याची पारख चालली आहे, हे दृश्य कलकत्त्याला नवीन होते. संस्था शोधनिबंध छापू लागली. कॅरी आरंभी तिचा चिटणीस होता, १८२४ मध्ये अध्यक्ष झाला. त्याआधी, १८२३ मध्ये, लंडनच्या लिनिअन सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले होते.

पुढे संस्थेचा कल बदलत गेला हेही खरे. कापूस, ऊस, तंबाखू, कॉफी यांकडे तिचे लक्ष अधिकाधिक वळले. म्हणजे विलायतेच्या गिरण्यांना आणि व्यापाऱ्यांना हव्या त्या पिकांकडे. रयतेच्या भाताच्या खाचरात त्यातले काय पोचले, याचा हिशेब फारसा भरत नाही. चांगल्या हेतूने उघडलेले दार कोणत्या वाऱ्याला वाट देईल, हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहिले नाही.

संस्थेची कल्पना मात्र पसरली. मुंबईत १८३० मध्ये पश्चिम हिंदुस्थानासाठी तशीच कृषी-उद्यान संस्था निघाली. शिवडीला तिची बाग होती. मुंबईच्या टपालखात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम हा त्या संस्थेचा वनस्पतितज्ज्ञ. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची सूची १८३९ मध्ये छापली गेली, पण ती पुरी होण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. शिवडीची जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्यास आली. तीच आपली राणीची बाग. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची व्यवस्था आजही ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ पाहते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन पाहायला रांग लावणाऱ्या पुणेकरांना या वंशवेलीचा पत्ता असण्याचे कारण नाही.

श्रीरामपूरला परत जायला हवे. ऑक्टोबर १८२३ मध्ये कलकत्त्याहून परतताना होडीतून उतरताना कॅरीचा पाय घसरला आणि कमरेला जबर दुखापत झाली. तो खाटेवर असतानाच दामोदर नदीला महापूर आला. पाण्याने बांध फोडले, बाग दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिली. नदीकाठ खचत चालल्याने राहते घरही सोडावे लागले. वीस वर्षांहून अधिक काळ जमवलेली झाडे कुजून गेली. पाणी ओसरल्यावर त्याने पुन्हा बिया मागवल्या, पुन्हा वाफे आखले. वय बासष्ट, चालायला कुबड्या. पुढे वादळानेही बागेवर घाला घातला. १८३० नंतर कलकत्त्याच्या मोठमोठ्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि महाविद्यालयाचा पैसाही त्यांत गेला. बाग मात्र त्याने शेवटपर्यंत मोडू दिली नाही.

अखेरच्या महिन्यांत चालणे थांबले, तेव्हा त्याला बसवून बागेत फिरवून आणीत. तेही जमेनासे झाले तेव्हा मुख्य माळ्याला खोलीत बोलावून तो एकेका झाडाची चौकशी करी. बिछान्यासमोरच्या भिंतीवर एका झुडपाचे चित्र लावलेले होते. आपल्यामागे मार्शमन या बागेत गुरे सोडील, अशी धास्ती त्याने एकदा बोलून दाखवली. मार्शमनने तसे होणार नाही असा शब्द दिला. ९ जून १८३४ रोजी कॅरी वारला.

त्या मुख्य माळ्याचे नाव चरित्रांच्या पानांवर ठळकपणे कुठे दिसत नाही. शिबपूरच्या उद्यानासाठी हजारो वनस्पतींची चित्रे रंगवणाऱ्या देशी चितारांची नावेही रॉक्सबर्गच्या नावाखाली झाकली गेली. रानातून झाड आणून देणाऱ्याला त्याचे नाव आधीच ठाऊक असे. लॅटिन नाव मिळाले की ते झाड ‘शोधले’ गेले असे ठरे. कुंभा कॅरीने शोधलेला नव्हता. कॅरीने मुद्दाम आपले नाव मिरवले असेही नाही. ते मित्राने दिले. तरी एकीकडे ‘कॅरेया’ जगभरच्या ग्रंथांत आहे आणि दुसरीकडे मराठी कोशाच्या मुखपृष्ठावर वैद्यनाथ पंडितांचे नाव नाही, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

मार्शमनने शब्द पाळला. जे. ओ. वोइग्ट नावाच्या डॅनिश शल्यवैद्याने बागेची देखरेख पत्करली आणि तिच्यातील व शिबपूरच्या उद्यानातील वनस्पतींची मोठी सूची तयार केली. ती १८४५ मध्ये कलकत्त्यात छापून निघाली. वोइग्ट त्याआधीच वारला होता. त्याच साली डेन्मार्कने श्रीरामपूर इंग्रजांना विकून टाकले. त्यानंतर बागेला वाली उरला नाही. महोगनीचे काही वृक्ष बराच काळ उभे होते. पुढे त्या परिसरात तागाची गिरणी आली.

कॅरीने उभी केलेली संस्था मात्र कलकत्त्यात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला अलीपूरला जागा मिळाली. विसाव्या शतकात पर्सी-लँकेस्टर घराण्यातील माणसांनी तिथे कर्दळीच्या नवनव्या जाती निपजवल्या. त्यांच्यापैकी अ‍ॅलिक पर्सी-लँकेस्टर यांनी पुढे दिल्लीतील सरकारी उद्यानांचे काम पाहिले. अलीपूरच्या त्या आवारात आजही हिवाळ्यात पुष्पप्रदर्शन भरते, रोपांची विक्री होते आणि माळीकामाचे वर्ग चालतात.